ग्लॅमिसची वाळू: चिखलात शिकलेल्या पुणेकरांसाठी एक परीक्षण

जागा अव्वल, सोयी बेताच्या, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात चुकूनही जाऊ नये. इम्पीरियल सॅण्ड ड्यून्स, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या गाड्यांना खुल्या असलेल्या वाळूच्या टेकड्या, ज्यांना तिकडे सगळे नुसतं 'ग्लॅमिस' म्हणतात, त्यांबद्दल घाईत असलेल्यांना एवढं पुरे. पुढचं लिखाण ज्यांना खरोखर वाळूत चाकं घालायची आहेत त्यांच्यासाठी. मुलाकडे सॅन डिएगोला महिनाभर राहायला जाणारे किंवा कंपनीच्या कामाने कॅलिफोर्नियात असलेले, आणि ताम्हिणी-मुळशीच्या चिखलात थार, जिम्नी चालवून हात बसलेले पुणेकर आता बरेच आहेत. त्यांच्या या बसलेल्या हातांचाच इथे सर्वांत जास्त धोका आहे. तो का, हे पुढे येईलच.

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेपासून वायव्येकडे वाळूचा हा पट्टा सुमारे ७० किलोमीटर पसरला आहे. रुंदी सरासरी ८ किलोमीटर. सगळ्यात उंच टेकड्या ३०० फुटांपर्यंत जातात. पर्वतीच्या आसपासची उंची धरा, फक्त पायऱ्या नाहीत आणि वर पोचल्यावर कठडाही नाही. कोलोरॅडो नदीच्या गाळाने भरलेलं काहुइला नावाचं प्राचीन सरोवर आटलं, आणि त्याच्या काठची वाळू वाऱ्याने उडून इथे साचत गेली. म्हणून ही वाळू बारीक आणि एकसारखी आहे. आपल्या नदीपात्रातल्या वाळूत खडे असतात, चाकाला कुठेतरी आधार मिळतो. इथे तो मिळत नाही.

जागा सरकारी आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे तिथलं केंद्र सरकारचं जमीन खातं. त्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या आदेशाने सरकारी जमिनीवर गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही याची आखणी करणं खात्यांवर बंधनकारक झालं. तेव्हापासून प्रत्येक तुकडा खुला, मर्यादित किंवा बंद असा ठरवलेला असतो. ग्लॅमिसचा मोठा भाग 'खुला' आहे. याचा अर्थ तिथे ठरलेली वाटच नाही, गाडी वाळूत कुठूनही कुठेही न्या. आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं काही नाही. वेताळ टेकडीवर गाडी चढवून पाहा, पोलिसांच्या आधी सकाळचे फिरायला आलेले आजोबाच तुम्हाला खाली उतरवतील. आणि ते बरोबरच आहे. इथे मोकळीक देता येते, कारण बंद भाग खरोखर बंद ठेवले आहेत. हायवे ७८ च्या उत्तरेला लागूनच असलेला नॉर्थ अल्गोडोनेस भाग १९९४ पासून राखीव रान आहे आणि तिथे चाक असलेली कुठलीही गाडी चालत नाही. दक्षिणेतही पिअरसन्स मिल्कव्हेच या १९९८ मध्ये संरक्षित यादीत आलेल्या झुडपासाठी काही तुकडे खांब रोवून वगळले आहेत. खांब दिसला की वळा, 'जरासं पुढे' नको. ग्लॅमिसच्या ईशान्येला चॉकलेट माउंटन्समध्ये नौदलाच्या ताब्यातला बॉम्बफेकीच्या सरावाचा पट्टा आहे. तिकडे न जाण्याचं कारण वेगळं सांगायला नको.

परवाना गाडीला लागतो, माणसाला नाही. १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल हा हंगाम. त्या काळात रस्त्यावरून चालत आलेल्या प्रत्येक मुख्य गाडीच्या काचेवर परवाना हवा. तिच्यामागे ट्रेलरवर आणलेल्या बग्ग्यांना वेगळा लागत नाही. आठवड्याचा परवाना आधीच बाहेर घेतला तर ३५ डॉलर, आत जाऊन घेतला तर ५०, आणि पूर्ण हंगामाचा १५० असा दर बरीच वर्षं आहे. निघण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या. १५ डॉलर वाचवायचे तर ब्रॉली किंवा एल सेंट्रोतच घ्या. उन्हाळ्यात परवाना लागत नाही हे वाचून कुणाला जुलैची स्वस्त सहल सुचेल. तेव्हा तापमान ४३ अंशांच्या वर जातं आणि मदतीला आसपास कुणी नसतं. आपली दिवाळीची सुट्टी मात्र हंगामात नेमकी बसते. फक्त ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन असतो, तो शनिवार-रविवार टाळा. हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, नववर्ष, मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि प्रेसिडेंट्स डे या जोडून सुट्ट्यांना गर्दी लाखाच्या घरात जाते. सलग सुट्टीला लोणावळ्यात जे होतं तेच, फक्त प्रत्येकाकडे इंजिन आहे आणि रस्ता नाही.

कुठून शिरायचं हा निर्णय महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तो चुकवतात. सॅन डिएगोहून आय-८ महामार्गाने पूर्वेला निघालं की सुमारे २५० किलोमीटरवर गॉर्डन्स वेल आणि बटरकप ही दक्षिणेकडून शिरायची ठिकाणं लागतात. ऍरिझोनातल्या युमाहून बटरकप जेमतेम ३० किलोमीटर. इथल्या टेकड्या लहान आहेत, महामार्ग नजरेच्या टप्प्यात राहतो, दिशा चुकत नाही. नव्या माणसाने पहिला दिवस इथेच काढावा. ग्लॅमिस उत्तरेला हायवे ७८ वर, ब्रॉलीपासून सुमारे ४० किलोमीटर. खऱ्या मोठ्या टेकड्या या बाजूला. गेको रोडवर डांबरी वाहनतळ, शौचालयं आणि काहुइला रेंजर स्टेशन आहे. ऑसबोर्न ओव्हरलुकपर्यंत साधी मोटार जाते, त्यामुळे सोबत आई-बाबा असतील तर त्यांना तिथे खुर्च्या टाकून द्या. संध्याकाळी तिथून जे दिसतं त्यासाठी वाळूत उतरण्याची गरजही नाही.

बटरकपच्या बाजूला फळ्यांच्या जुन्या रस्त्याचे अवशेष जपून ठेवले आहेत, तेवढे मात्र बघाच. या वाळूवर १९१५ मध्ये लाकडी फळ्या टाकून मोटारींसाठी रस्ता केला होता. पुढच्याच वर्षी तो नव्याने बांधला, जोडलेल्या तुकड्यांचा, म्हणजे वाळू चढली की तुकडा उचलायचा आणि पुढे टाकायचा. एकच गाडी मावेल एवढी रुंदी, समोरून कुणी आलं तर बाजूला थांबायच्या जागा. १९२६ मध्ये डांबरी रस्ता झाला आणि हा सुटला. वाळूवर वजन पसरलं की चाक रुतत नाही, हे त्या फळ्या बघून जेवढं चटकन कळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही. आज तेच काम आपण चाकातली हवा काढून करतो.

आता गाडी. विमानतळावर भाड्याने मिळणारी एसयूव्ही, मग तिच्यावर कितीही मोठ्या अक्षरात फोर बाय फोर लिहिलेलं असो, वाळूत नेऊ नका. भाड्याच्या करारात डांबरी किंवा नियमित देखभालीचा रस्ता सोडून गाडी नेण्याला मनाई असते आणि नेली की विम्याचं संरक्षण संपतं. त्या गाडीचा उपयोग वाळूच्या काठापर्यंत पोचायला. वाळूसाठी साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची बग्गी भाड्याने घ्या. बहुतेक पोलारिस किंवा कॅन-ऍमच्या असतात. घेताना वाळूचे टायर आहेत का ते आधी विचारा. मागे वल्ह्यासारखे उभे पट्टे असलेले पॅडल टायर, पुढे गुळगुळीत आणि मध्ये एक-दोन बरगड्या असलेले. मागे पॅडल नसतील तर तीच बग्गी निम्मीच चढेल. बग्गीवर उभी काठी आणि तिच्यावर झेंडा असावा: काठी जमिनीपासून किमान ८ फूट उंच आणि झेंडा किमान ६ बाय १२ इंच, लाल किंवा केशरी. ही शोभा नव्हे, कायदा आहे. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आधी तुमचा झेंडा दिसतो, मग तुम्ही. काठी वाकलेली किंवा झेंडा चिंध्या झालेला असेल तर बदलून मागा. अनामत रक्कम मोठी असते, त्यामुळे बग्गी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, खालून सस्पेन्शनच्या दांड्यांसकट व्हिडिओ काढा. 'नुकसानभरपाई माफ' म्हणून जो जादा आकार लावतात, त्यात उलटलेली बग्गी येते की नाही हे शब्दशः विचारा. बऱ्याचदा येत नाही.

पुण्यातून निघतानाच दोन कामं उरका. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा: संगम पुलाजवळच्या आरटीओत किंवा परिवहनच्या संकेतस्थळावरून, फॉर्म ४-ए, शुल्क १,००० रुपये, मुदत १ वर्ष. आणि प्रवास विम्याची कलमं वाचा. परदेश प्रवासाच्या साध्या विम्यात साहसी खेळ आणि मोटार शर्यती बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. वाळूतून हेलिकॉप्टरने रुग्णालयात गेल्यावर ते कळलं तर फार उशीर झालेला असतो. हंगामात इथून हेलिकॉप्टरने माणसं हलवणं नवलाईचं नाही.

यानंतरचं सगळं हवेवर. मित्राची जीप किंवा पिकअप घेऊन जाणार असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. रस्त्यावर टायरमध्ये ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतं. वाळूत शिरण्याआधी १५ ते १८ वर आणा. हवा कमी झाली की टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात. खरं तर तो रुंदीला थोडाच वाढतो, जमिनीवरची त्याची लांबी वाढते, रणगाड्याच्या पट्ट्यासारखी. म्हणून तो वाळू खणत नाही, वाळूवर पसरतो. गाडी दोन तास महामार्गावर धावून आलेली असेल तर तापलेल्या टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्त दिसतं. तेव्हा १६ वर आणलेला टायर गार झाल्यावर १३ वर येतो. म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. साध्या रिमवर १२ च्या खाली जाऊन झपकन वळलात तर टायरची कड रिमवरून सुटते. मग जॅक लावायचा, तर जॅकच वाळूत बुडतो. त्यासाठी फूटभर चौरस, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तुकडा गाडीत ठेवा. फुकट मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यात मोलाची हीच. हवा भरायचा कंप्रेसर बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडणारा हवा. सिगारेट लायटरच्या खोबणीत लागणारा छोटा पंप पहिल्या-दुसऱ्या टायरलाच फ्यूज उडवू शकतो.

आणि आता हात. ताम्हिणीच्या चिखलात जे शिकलो ते म्हणजे लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर), सावकाश, चाक थोडं फिरू द्यायचं म्हणजे खाचांतला चिखल उडतो आणि खाली घट्ट जमीन लागते. वाळूत खाली घट्ट जमीन नाही. चाक फिरलं की ते फक्त विहीर खणतं. चिखलाचे मोठ्या खाचांचे टायरही इथे फावड्यासारखे खणतात. त्यांच्यापेक्षा अर्धवट झिजलेले साधे ऑल-टेरेन बरे. वाळूत हवा तो ओघ. वेग नव्हे, ओघ: एकसारखा, न तुटणारा. चढ दिसला की सपाटीवरच योग्य गिअर टाका आणि इंजिन तापलेल्या आवाजात आणा. मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की त्या अर्ध्या सेकंदात गाडी उभी राहते. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणा, बंद करा, नाहीतर चाक जरा निसटलं की गाडीचा मेंदू ताकद कापतो, नेमकी ती हवी असताना. थांबताना ब्रेक दाबू नका. पाय उचलला की वाळूच थांबवते. ब्रेकने पुढच्या चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना आधी तो चढावा लागतो. थांबायचंच असेल तर नाक उताराकडे ठेवून थांबा.

धारेचा हिशोब वेगळा. सह्याद्रीत फिरलेल्याला घसारा म्हणजे काय हे सांगायला नको. वाळूच्या टेकडीला एक बाजू वाऱ्याकडची, लांब आणि सौम्य, दाबून बसलेली. दुसरी वाऱ्याआडची, शुद्ध घसारा, ३० ते ३४ अंशांचा. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. थंडीच्या महिन्यांत वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून असतो. म्हणजे गेको रोडकडून पूर्वेला निघालं की तुम्ही प्रत्येक टेकडी सौम्य बाजूने चढता आणि माथ्यावर अचानक पुढे काहीच नसतं. चढताना जोर लावलेला असतो, त्याच जोरात धार ओलांडली की गाडी हवेत. ग्लॅमिसमधल्या मोठ्या अपघातांचं हे नेहमीचं कारण. रीत अशी: शेवटच्या दोन गाडी-लांबींत पाय उचलायचा आणि पुढची चाकं धारेवर टेकतील तेवढ्यावर थांबायचं. उतरून बघा, किंवा सोबत्याला चालत पुढे पाठवा. पलीकडे कुणी चढत येत नाही ना, आणि उतरणीच्या पायथ्याशी मोकळी जागा आहे की दुसरी टेकडी, हे दोन्ही पाहायचं. मग सरळ खाली, नाक नेमकं उताराच्या दिशेला. तिरपं कधीच नाही. मागचा भाग सरकू लागला तर ब्रेक नको. सुकाणू उताराकडे वळवा आणि पायाने हलकासा जोर द्या, गाडी सरळ होते. मन नेमकं उलटं सांगेल, तरी.

चढ अर्ध्यावर फसला तर वळायचं नाही. आडवी झालेली गाडी उलटते. रिव्हर्स टाका आणि आपल्याच चाकोरीतून सरळ मागे या, इंजिनच्या ब्रेकवर. खाली येऊन आणखी २ पीएसआय काढून पुन्हा प्रयत्न. तीनदा जमलं नाही तर ती टेकडी तुमची नव्हे, बाजूची खिंड बघा.

उन्हाळ्यात वारा फिरतो, म्हणून काही धारा दोन्ही बाजूंनी उभ्या होतात, त्यांना तिकडे रेझरबॅक म्हणतात. त्याहून वाईट विच आय, म्हणजे चेटकिणीचा डोळा: वाळूत वाऱ्याने केलेला वाडग्यासारखा खड्डा, एका बाजूने दिसतच नाही. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो, सावली नसते, सगळी वाळू एकाच रंगाची सपाट दिसते, आणि याच वेळी लोक त्यात पडतात. म्हणून चालवायचं सकाळी किंवा चार वाजल्यानंतर. सावली लांब असते, प्रत्येक धार काजळाने रेखल्यासारखी दिसते, आणि सकाळची वाळू रात्रीच्या ओलाव्याने जरा घट्टही असते. मागच्या वर्षीचा जीपीएसचा माग वापरू नका. टेकडी तीच असली तरी धार सरकलेली असते. गेल्या आठवड्यात वारा सुटला असेल तर कालचा मागही नको. सॅण्ड हायवे म्हणतात ती मळलेली वाट नव्यांसाठी ठीक आहे, पण तिथे उजवी बाजू सोडायची नाही. आपला हात आपोआप डावीकडे जातो, आणि समोरून बग्गी ताशी ८०-९० किलोमीटरने येते. ओल्ड्समोबील हिल ही गाजलेली टेकडी गर्दीच्या दिवशी लांबूनच बघा.

बग्गीत एक दुखणं स्वतंत्र आहे, आणि ते पुणेकराला लगेच कळेल, कारण त्याच्या ऍक्टिव्हातही तेच यंत्र आहे: व्हेरिएटर (गिअरऐवजी काम करणाऱ्या चाक्या) आणि रबरी पट्टा. वाळूत हाय रेंजमध्ये हळूहळू, जड ओझ्याने रांगत राहिलं की पट्टा चाकीवर घसरतो, तापतो आणि तुटतो. जळक्या रबराचा वास आला तर समजा दोन मिनिटं राहिली आहेत. थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून गार होऊ द्या. सावकाश जायचं असेल तर लो, ओघाने जायचं असेल तर हाय. भाड्याच्या बग्गीत जादा पट्टा आणि तो बदलायची हत्यारं आहेत का हे निघण्याआधी पाहा. तुटलेल्या पट्ट्याचे दोरे आत गुंतलेले राहिले तर नवा पट्टाही दहा मिनिटांत जातो. सगळे उपसून काढा.

रुतल्यावर काय, तर आधी पाय उचला. चाक एक वेढा जास्त फिरलं की गाडी इंचभर खाली जाते आणि पोट टेकलं की खेळ संपला. चारही चाकांमागची वाळू हाताने, फावड्याने काढा. पुढची नव्हे, मागची, कारण बाहेर पडायची वाट तुम्ही आलात तीच आहे. हवा १० पर्यंत आणा, चाकाखाली रिकव्हरी बोर्ड सारा आणि हळूच रिव्हर्स. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर ताणणारा दोर वापरा, ६ ते ९ मीटरचा कायनेटिक रोप, साखळी कधीच नको. दोर गाडीच्या प्रमाणित हुकालाच बांधा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला बांधलेला दोर ताणला की तो गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. आपल्याकडे गणपतीच्या सुट्टीत कोकणात सुमोला ओढताना जे चालतं ते इथे चालवू नका. विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचा, इथे उपयोग नाही. दोर बांधायला झाड कुठे आहे?

एकट्या गाडीने जाऊच नये. तेलाची वाटणी तिहाई: एक भाग जायला, एक यायला, एक न बोलता बाजूला. पॅडल टायरवर वाळूत पेट्रोल रस्त्याच्या दुप्पट लागतं असं धरून चाला. मोबाइलचं जाळं मधूनच येतं-जातं, गर्दीच्या दिवशी तर असूनही चालत नाही. म्हणून ऑफलाइन नकाशा आणि जीपीएसवर तळाची खूण आधीच करून ठेवा. रात्री हजार शेकोट्या सारख्याच दिसतात.

मुक्कामाला फार शब्द नकोत. तंबू वाळूत कुठेही टाका, २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत राहता येतं. पाणी नाही, वीज नाही, नळ नाही. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी फक्त पिण्याचं धरा. शौचालयं आहेत, गर्दीच्या रविवारी त्यांची अवस्था एसटी स्टँडची. कचरा परत न्यायचा. खिळे असलेली लाकडं जाळायची नाहीत, कारण तो खिळा उद्या कुणाच्या तरी टायरमध्ये निघतो. काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, तेव्हा लोणच्याची काचेची बरणीही प्लास्टिकच्या डब्यात रिकामी करून न्या. दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळी इथे बर्गरपेक्षा जास्त टिकते, मात्र डबा उघडा ठेवून गप्पा मारल्या तर प्रत्येक घासात वाळू. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका.

नियम आपल्याकडच्यापेक्षा कडक आणि ते खरोखर राबवले जातात. तंबू आणि माणसांपासून ५० फुटांच्या आत ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. बग्गीत हेल्मेट आणि पट्टा सगळ्यांना. ज्या मुलाची पाठ सीटला टेकत नाही किंवा हात धरायच्या दांडीपर्यंत पोचत नाही, त्याला बसवायचं नाही. एकाच माणसासाठी बनवलेल्या क्वाडवर (हँडलच्या छोट्या चारचाकीवर) मागे दुसरा नाही, मग तो कितीही सांभाळून धरो. दारू पिऊन वाळूत चालवणं हे रस्त्यावर चालवण्याइतकंच गुन्ह्यात मोडतं, तुरुंगासकट. रेल्वेमार्ग पट्ट्याच्या पूर्वेला लागून जातो. तो फक्त अधिकृत फाटकावर ओलांडा, मालगाड्या लांब आणि वेगात असतात. पासपोर्ट जवळ ठेवा, बटरकपपासून सीमेची भिंत दिसते आणि सॅन डिएगोकडे परतताना आय-८ वर सीमा गस्तीचा तपासणी नाका लागतो.

गैरसोयी लपवण्यात अर्थ नाही. गर्दीच्या दिवशी रात्री दोनपर्यंत इंजिनं आणि गाणी. शांत वाळवंटाची कल्पना घेऊन गेलेला माणूस चिडतो. त्याने हायवे ७८ च्या उत्तरेच्या राखीव भागात पायी जावं, रस्ता ओलांडला की आवाज मागे पडतो. ग्लॅमिसच्या दुकानात पेट्रोल आणि बर्फ मिळतो, पण ब्रॉलीत भरणं शहाणपणाचं. खात्याची माणसं मदतशील आहेत, तरी ती तुम्हाला ओढून काढायला बसलेली नाहीत. खासगी गाडी बोलावली तर ती वाळूत किती आत यायचं यावर पैसे घेते, आणि ते ऐकून माणूस फावडं हातात घेतो.

सराव म्हणून मुरूड, अलिबाग किंवा हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर गाडी घालू नका. पोलिस गुन्हा दाखल करतात, ओल्या वाळूतला सराव कोरड्या वाळूत कामाला येत नाही, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. जैसलमेरजवळचं सम पुण्याहून सुमारे १,२०० किलोमीटर. तिथली वाळू सरावाला खरी, पण त्या भागात माळढोकासाठी राखलेलं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, त्यामुळे गाडी कुठवर न्यायची हे स्थानिक वनखात्याला विचारल्याशिवाय चाक टाकू नये. घरच्या घरी करता येईल तो सराव हवेचा: पुण्यातच चारही टायर ३२ वरून १६ वर आणून पुन्हा ३२ वर भरून पाहा, घड्याळ लावून. चाळीस मिनिटांच्या वर लागली तर कंप्रेसर बदला.

परत निघताना डांबर लागण्याआधी हवा भरा. १६ पीएसआयवर ताशी ११० ने आय-८ वर गेलेला टायर तापून फाटतो. घरी पोचल्यावर एअर फिल्टर काढून झटका, नुसती हवा मारून भागत नाही, कागदी असेल तर बदला. ब्रेकच्या चकत्यांमागे, चाकांच्या आत आणि रेडिएटरच्या जाळीत पाण्याचा फवारा आतून बाहेर मारा, बाहेरून आत मारला तर वाळू आणखी रुतते. ब्रॉलीतल्या धुलाई केंद्रावर हे सगळं करून जाणाऱ्यांची रांग रविवारी दुपारी मोठी असते. सोमवारी सकाळी निघता आलं तर उत्तम.